टेक्निकल कॅमेऱ्याला फाइंडर कोणता घ्यावा?

मिडियम फॉरमॅटचा टेक्निकल कॅमेरा पहिल्यांदा हातात घेणारा माणूस आधी डोळा लावायची जागा शोधतो आणि ती त्याला सापडत नाही. आरसा नाही, प्रिझम नाही, मिररलेसमधला छोटा पडदाही नाही. पुढे लेन्स, मागे फिल्मचं मॅगझिन किंवा डिजिटल बॅक, आणि मधे या दोघांना समांतर धरून वर-खाली, डावीकडे-उजवीकडे सरकू देणारी धातूची चौकट. अल्पा, कॅम्बो, आर्का-स्विस, कुणाचाही घ्या, गाभा एवढाच.

यामागे कारण आहे. चांगल्या वाइड लेन्सचं मागचं भिंग फिल्मच्या अगदी जवळ येतं आणि आरसा हलायला जागा उरत नाही. हॅसलब्लाडने १९५४ साली ३८ मिमीच्या बायोगॉन लेन्ससाठी वेगळा कॅमेरा काढला, तेव्हा स्वतःची ओळख असलेला आरसाच काढून टाकला आणि वर एक साधा फाइंडर बसवला. इमारती, अंतर्भाग आणि निसर्गदृश्यं टिपणाऱ्यांनी हा सौदा तेव्हाही आनंदाने मान्य केला. टेक्निकल कॅमेऱ्यात तोच सौदा आहे, फक्त शिफ्टची, म्हणजे त्या सरकण्याची, भर पडली आहे. त्या शिफ्टमुळेच फाइंडरचा प्रश्न थोडा किचकट होतो.

बहुतेक जण बॉडी घेतानाच त्याच कंपनीचा फाइंडर यादीत टाकतात. पुढे कळतं की तो बॅगेतून क्वचितच बाहेर येतो, किंवा नेमक्या नव्या लेन्सला तो पुरत नाही. म्हणून कंपनी आणि मॉडेल नंतर बघू. आपल्याला फाइंडरकडून काम कोणतं करून घ्यायचं आहे, ते आधी ठरवू.

फाइंडरची कामं

पहिलं काम जागा शोधण्याचं. ट्रायपॉड कुठे रोवायचा, दोन पावलं मागे जायचं की डावीकडे, चाळिसाची लेन्स पुरेल की बत्तिसाची लागेल, हे कॅमेरा बॅगेत असतानाच ठरलं तर अर्धा तास वाचतो. दुसरं काम चौकटीच्या कडा ठरवण्याचं: वरचा कळस कापला जातोय का, कोपऱ्यात विजेची तार येतेय का. तिसरं काम कॅमेरा समतल धरण्याचं. हातात धरून फोटो काढणाऱ्याला चौकट आणि पाणसळीचा बुडबुडा एकाच वेळी दिसायला हवेत.

फोकस हे मात्र फाइंडरचं काम नाही. वर बसवलेला ऑप्टिकल फाइंडर लेन्समधून बघतच नाही, त्यामुळे फोकस चुकला तरी चित्र तितकंच स्वच्छ दिसतं. फोकस लेन्सच्या कड्यावरच्या अंतरांवरून लावायचा, नाहीतर बॅकच्या जागी बसवायच्या दुधी काचेवर, म्हणजे ग्राउंड ग्लासवर, नाहीतर बॅकच्या लाइव्ह व्ह्यूवर. गवंडी-सुतारांकडे हल्ली असतो तो लेझरचा अंतरमापक इथे फार उपयोगी पडतो. फक्त अंतर कुठून मोजायचं, याकडे लक्ष द्या. लेन्सवरचे आकडे सहसा सेन्सरच्या प्रतलापासूनचे असतात, लेन्सच्या टोकापासूनचे नसतात.

पहिली तिन्ही कामं सारख्याच चोखपणे करणारा एकही फाइंडर बाजारात नाही. म्हणून आपलं मुख्य काम कोणतं, याचं उत्तर कागदावर लिहून मगच पुढे जावं.

खरेदीआधी पुठ्ठा आणि दोरी

सर्वांत स्वस्त फाइंडर घरी करता येतो आणि तो चांगल्यापैकी अचूक असतो. जाड काळ्या पुठ्ठ्यात १२ सेंटिमीटर रुंद आणि ९ सेंटिमीटर उंच खिडकी कापा. खालच्या कडेला दोरी बांधा. पुठ्ठा डोळ्यापासून किती लांब धरायचा, त्याचं सूत्र सोपं आहे: खिडकीच्या रुंदीला सेन्सरच्या रुंदीने भागायचं आणि फोकल लेंथने गुणायचं.

मोठ्या डिजिटल बॅकचा सेन्सर सुमारे ५३.४ बाय ४० मिमी असतो. त्यासाठी दोरीला गाठी अशा येतील: ३२ मिमी लेन्ससाठी ७.२ सेंटिमीटर, ४० साठी ९, ५० साठी ११.२, ७० साठी १५.७ आणि ९० साठी २०.२. गाठ डोळ्याखालच्या हाडाला टेकवा, दोरी ताणा, दुसरा डोळा मिटा. खिडकीतून दिसतं ते त्या लेन्सचं चित्र.

फिल्मवर ६ बाय ९ करत असाल, तर खिडकी १२ बाय ८ सेंटिमीटरची कापा. या फ्रेमची खरी रुंदी सुमारे ८४ मिमी असते. तिथे ४७ मिमी लेन्सची गाठ ६.७ सेंटिमीटरवर येते आणि ६५ मिमीची ९.३ वर.

एक अडचण येईल. पुठ्ठा सात-आठ सेंटिमीटरवर आला की डोळ्याला त्याच्या कडा धूसर दिसतात, आणि धूसर कडेवर भरवसा ठेवता येत नाही. वाइड लेन्स जास्त वापरत असाल, तर दुप्पट मापाचा, २४ बाय १८ सेंटिमीटरच्या खिडकीचा पुठ्ठा करा आणि गाठीही दुप्पट अंतरावर मारा. खिशात मावणार नाही, पण कडा स्पष्ट दिसतील.

हा पुठ्ठा घेऊन आपल्या नेहमीच्या ठिकाणी काही दिवस फिरा. दोन गोष्टी लक्षात येतील. आपण वारंवार कोणत्या गाठीवर थांबतो, ही पहिली. आणि तेवढ्यानेच काम भागतं की खरंच काचेचा फाइंडर हवा, ही दुसरी. जागा शोधणं एवढीच गरज असेल, तर पुष्कळांची खरेदी इथेच संपते.

फाइंडरवरचा आकडा आणि आपली लेन्स

बाहेरून लावायचे बहुतेक ऑप्टिकल फाइंडर ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्यांसाठी बनलेले असतात. फोक्टलेंडर, झाइस आणि लायका यांचे १५, २१, २५, २८ मिमीचे फाइंडर जुन्या बाजारात मिळतात आणि त्यांतले काही नजरेला फार सुखद आहेत. टेक्निकल कॅमेऱ्याच्या शूवर ते व्यवस्थित बसतात. प्रश्न एवढाच, की आपल्या लेन्सला कोणता आकडा जुळतो?

रुंदीचा हिशोब करायचा तर आपल्या फोकल लेंथला ३६ ने गुणा आणि सेन्सरच्या रुंदीने भागा. मोठ्या डिजिटल बॅकवर ४० मिमीची लेन्स म्हणजे साधारण २७, ३२ म्हणजे साडेएकवीस, २३ म्हणजे साडेपंधरा. फिल्मच्या ६ बाय ९ वर ४७ मिमी म्हणजे २०.

बरेच जण इथेच थांबतात आणि फसतात, कारण आकाराचं प्रमाण वेगळं असतं. ३५ मिमीची चौकट तीनास दोन, तर डिजिटल बॅकची चारास तीन. चाळिसाच्या लेन्सला २८ मिमीचा फाइंडर लावला, तर रुंदी जवळपास जुळते, पण वर-खाली बॅक जे टिपणार आहे त्यातलं बरंचसं फाइंडरमध्ये दिसतच नाही. या लेन्सचा उभा कोन ५३ अंशांचा, आणि २८ मिमी फाइंडरचा उभा कोन जेमतेम ४६ अंशांचा. इमारतींच्या फोटोत वर आणि खाली काय येतं यालाच महत्त्व असतं, आणि नेमकं तेच नजरेआड राहतं.

उपाय असा, की उंचीवरून हिशोब करायचा: फोकल लेंथला २४ ने गुणून सेन्सरच्या उंचीने भागायचं. चाळिसाच्या लेन्सला उत्तर येतं २४. म्हणजे २४ किंवा २५ मिमीचा फाइंडर घ्यावा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना थोडी काळी टेप लावावी. २४ च्या फाइंडरची रुंदी ३६ भाग धरली, तर त्यातले मधले ३२ भाग आपले आणि बाजूचे दोन-दोन भाग झाकायचे. टेप नेमकी कुठे लावायची, ते पहिले दोन-तीन फोटो काढून ठरवता येतं.

६ बाय ९ फिल्म वापरणाऱ्यांना ही कटकट नाही. त्यांची चौकटही तीनास दोन, त्यामुळे ३५ मिमीचा फाइंडर जसाच्या तसा चालतो. ४७ मिमीच्या लेन्सवर २१ मिमीचा फाइंडर लावला, तर कडेला थोडंसं कमी दिसतं, आणि ही चूक सोयीची आहे. फाइंडरमध्ये दिसलेलं सगळं फिल्मवर येणार, याची खात्री राहते.

शिफ्ट आली की फाइंडर आंधळा होतो

टेक्निकल कॅमेरा घ्यायचा तो शिफ्टसाठी. म्हणून फाइंडरची खरी परीक्षा इथे होते. मुंबईचं गेटवे ऑफ इंडिया घ्या. त्याची उंची २६ मीटर. त्याच्यासमोर ४० मीटरवर ४० मिमीची लेन्स आणि मोठी डिजिटल बॅक घेऊन उभे राहा. अंतर आणि फोकल लेंथ यांचं प्रमाण हजारास एक, म्हणून समोरचा एक मीटर सेन्सरवर एक मिलिमीटर होतो. चौकटीची उंची ४० मीटर. कॅमेरा समतल आणि जमिनीपासून दीड मीटरवर असेल, तर निम्मी चौकट, म्हणजे २० मीटर, त्याच्या वर. एकूण साडेएकवीस मीटरपर्यंतचं दिसेल. वरचे साडेचार मीटर कापले गेले, आणि चौकटीचा खालचा जवळजवळ अर्धा भाग समोरच्या फरसबंदीने भरला.

कॅमेरा वर तिरपा केला, तर उभ्या रेषा आत झुकतात. म्हणून कॅमेरा समतलच ठेवून राइज, म्हणजे वरच्या दिशेची शिफ्ट, द्यायचा. माथ्यापर्यंत पोहोचायला साडेचार मिमी आणि वर थोडं आकाश हवं म्हणून आणखी तीन, असा साडेसात मिमीचा राइज. रोडेनस्टॉकच्या ४० मिमी एचआर डिजारॉन-डब्ल्यू लेन्सचं प्रतिमावर्तुळ, म्हणजे लेन्स मागे टाकते ते गोल चित्र, ९० मिमीचं आहे. बॅक आडवी असताना त्यात साधारण १६ मिमीपर्यंत राइज बसतो, म्हणजे काळजीचं कारण नाही.

आता वरच्या फाइंडरकडे पाहा. तो अजूनही माथा कापलेलंच चित्र दाखवतोय. आत काय सरकलंय, याचा त्याला पत्ता नाही. अशा वेळी मनात ठेवायचा नियम एकच: शिफ्टचे मिलिमीटर भागिले सेन्सरची उंची. साडेसात भागिले ४० म्हणजे चौकटीच्या उंचीचा सुमारे पाचवा हिस्सा. दिसणारी चौकट मनातल्या मनात तेवढी वर सरकवायची. काही फाइंडरच्या चौकटीवर किंवा मास्कवर बारीक खुणा करून घेता येतात: ५, १० आणि १५ मिमीच्या राइजला वरची कड कुठे येईल, त्याच्या. पांढऱ्या पेनाने काढलेल्या तीन रेषा इथे महागड्या यंत्रणेचं काम करतात.

पण त्यासाठी फाइंडरमध्ये मूळ चौकटीच्या बाहेरचं दिसायला हवं, हे ओघानेच आलं. म्हणून शिफ्ट वापरणाऱ्याने लेन्सला नेमका जुळणारा फाइंडर घेऊ नये. एक पायरी जास्त वाइड घ्यावा आणि आत चौकट आखून घ्यावी. दोन फ्रेम जोडून रुंद चित्र करणाऱ्यांना हे जास्तच लागू आहे. वरच्याच लेन्सवर बॅक डावीकडे १३ मिमी आणि उजवीकडे १३ मिमी सरकवून दोन फोटो घेतले आणि जोडले, तर सुमारे ७९ बाय ४० मिमीचं चित्र मिळतं, जवळजवळ दोनास एक प्रमाणाचं. त्याचा आडवा कोन ३५ मिमीच्या हिशोबात १८ मिमी लेन्सएवढा. लेन्स चाळिसाची म्हणून पंचविसाचा फाइंडर घेतला असेल, तर अंतिम चित्र त्यात मावणारच नाही. थोडक्यात, फाइंडर लेन्स बघून निवडू नका. त्या लेन्सवर आपण जास्तीत जास्त किती रुंद आणि किती उंच चित्र करणार आहोत, ते बघून निवडा.

फाइंडर वर, लेन्स खाली

फाइंडर लेन्सच्या थोडा वर बसतो, म्हणून दोघांची नजर वेगळी असते. यालाच पॅरॅलॅक्स म्हणतात. त्याची भीती दाखवली जाते, पण लांबच्या विषयांना त्याचा फरक पडत नाही. वरच्याच उदाहरणात चौकटीची उंची आणि अंतर सारखं असतं. फाइंडर लेन्सच्या ८ सेंटिमीटर वर आहे असं धरा. दहा मीटरवर चौकट दहा मीटर उंच, आणि त्यात ८ सेंटिमीटरचा फरक म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. एक मीटरवर मात्र तोच फरक ८ टक्के होतो, आणि टेबलावरच्या वस्तूचा माथा कापला जातो.

लिनहॉफच्या जुन्या मल्टिफोकस फाइंडरमध्ये अंतराप्रमाणे हा फरक सुधारता येतो. पण चौकट सुधारली तरी दृष्टिकोन सुधारत नाही. दाराच्या चौकटीतून दिसणारा मागचा खांब, कमानीत नेमका मधोमध बसवायचा दिवा, असं जवळचं आणि लांबचं एका रेषेत आणायचं असेल, तर वरून बघणारा फाइंडर खोटंच सांगणार. तिथे लेन्समधूनच बघावं लागतं, दुसरा मार्ग नाही.

प्रकार आणि त्यांचे गुणदोष

तारेची किंवा धातूची उघडी चौकट हा सर्वांत जुना प्रकार. काच नाही, म्हणून बुरशी नाही, फुटण्याची भीती नाही, आणि चौकटीबाहेरून काय येतंय तेही दिसतं. तत्त्व आपल्या पुठ्ठ्याचंच. डोळा ठरलेल्या जागी ठेवावा लागतो, तो जरा हलला की चौकट हलते. हाताने धरून, चालत-फिरत काम करणाऱ्याला हा प्रकार अजूनही सोयीचा.

मास्क बदलायचे ऑप्टिकल फाइंडर कॅमेऱ्याच्या कंपन्याच देतात. लेन्स बदलली की पुढचा मास्क बदलायचा. फायदा हा, की मास्क तुमच्या फॉरमॅटच्या प्रमाणात कापलेला असतो आणि टेपची गरज पडत नाही. तोटा हा, की मास्क बारीक वस्तू आहेत, हरवतात, आणि नव्या लेन्सचा मास्क मिळेलच असं नाही. मिळाला नाही, तर पातळ काळ्या प्लास्टिकमधून स्वतः कापता येतो. त्याचं गणित वर दिलंच आहे.

चमकत्या रेषेची चौकट दाखवणारे ३५ मिमीचे फाइंडर स्वस्तात पडतात आणि उजळ असतात. त्यांच्या आत बुडबुडा सहसा दिसत नाही, ही त्यांची मोठी उणीव. हॅसलब्लाडच्या त्या बायोगॉनवाल्या कॅमेऱ्यात, म्हणजे सुपर वाइडमध्ये, चौकट आणि बुडबुडा दोन्ही एकत्र दिसत. मात्र त्याच फाइंडरमध्ये लेन्सचं नळकांडं चौकटीच्या खालच्या भागात घुसतं. मोठ्या लेन्सवर कोणताही ठेंगणा फाइंडर लावला, तर हे होणारच. म्हणून फाइंडर आपल्या सर्वांत मोठ्या लेन्ससह लावून बघावा.

वाइड फाइंडरमध्ये सरळ रेषा कडेला वाकलेल्या दिसतात. घाबरू नका, लेन्समध्ये तसं होत नाही. पण त्यामुळे रेषा जुळवण्यासाठी फाइंडरवर विसंबू नये, त्यासाठी पाणसळ आहे. कॅमेरा एक अंश वर-खाली झुकला, तर चाळिसाच्या लेन्सवर क्षितिज ०.७ मिमी सरकतं. ते फारसं लक्षात येत नाही, पण उभ्या रेषा झुकलेल्या लगेच लक्षात येतात.

खिशातला फोन

फोन हा आज अनेकांचा खरा फाइंडर आहे. अल्पाने आयफोनसाठी ई-फाइंडर नावाचं ॲप काढलं आणि फोन कॅमेऱ्यावर बसवायचा धारकही दिला. मार्क टू आर्टिस्ट्स व्ह्यूफाइंडरसारखी ॲपही आहेत. त्यांत सेन्सरचं माप आणि लेन्सची फोकल लेंथ भरली, की पडद्यावर नेमकी चौकट येते. शिवाय पडद्यावर टिपून ठेवलेला फोटो ठिकाणाची नोंद म्हणून उरतो. पुढच्या फेरीत किती वाजता, कुठून, कोणत्या लेन्सने, हे सगळं हाताशी असतं.

त्याच्या मर्यादाही ध्यानात घ्या. फोनच्या मुख्य लेन्सचा कोन ३५ मिमीच्या हिशोबात साधारण २४ ते २८ मिमी असतो. त्यापेक्षा रुंद चौकटीसाठी अल्ट्रावाइड लेन्स असलेला फोन हवा. काही फोन जवळच्या वस्तूकडे वळले की आपोआप दुसऱ्या लेन्सवर जातात आणि चौकट उडी मारते. ती सोय सेटिंगमध्ये बंद करावी. दुपारच्या उन्हात पडदा दिसत नाही, फोन तापतो, बॅटरी उतरते.

आणि ॲपवर डोळे मिटून विश्वास ठेवण्याआधी ते तपासून घ्यावं. भिंतीपासून ४ मीटरवर उभे राहा. चाळिसाच्या लेन्सची चौकट भिंतीवर सुमारे ५ मीटर ३४ सेंटिमीटर रुंद यायला हवी. भिंतीवर तेवढ्या अंतरावर दोन खुणा करा आणि ॲपची चौकट त्यांच्याशी जुळते का, पाहा. जुळली नाही, तर ॲपमधली लेन्सची नोंद दुरुस्त करून घ्या.

लेन्समधून बघायचं तर

फिल्मवाल्यांसाठी ग्राउंड ग्लास हाच शेवटचा शब्द. चित्र उलटं दिसतं, डावं-उजवंही बदलतं, पण शिफ्ट, पॅरॅलॅक्स, कडा यांपैकी काहीही लपत नाही. वाइड लेन्सवर कोपरे अंधारे दिसतात, मग फ्रेनेल काच लावावी लागते आणि डोक्यावर काळं कापड घ्यावं लागतं. डिजिटल बॅकच्या बाबतीत ग्राउंड ग्लास फ्रेमिंगला उत्तम, पण फोकसला जरा धोक्याचा. काचेचं प्रतल आणि सेन्सरचं प्रतल तंतोतंत जुळलेलं नसेल, तर काचेवर टोकदार दिसणारा फोकस फाइलमध्ये मऊ निघतो. शिवाय बॅक काढून काच लावा, काच काढून बॅक लावा, या खटाटोपात सेन्सरवर धूळ बसते.

लाइव्ह व्ह्यूने हे चित्र पालटलं. सीसीडी सेन्सरच्या काही बॅकमध्येही लाइव्ह व्ह्यू होता, पण तो नावापुरता. २०१४ साली फेज वनच्या आयक्यू २५० मध्ये सीमॉस सेन्सर आला, आणि तिथून पुढच्या सीमॉस बॅकवर खरंच उपयोगी लाइव्ह व्ह्यू मिळू लागला. २०१८ ची आयक्यू ४ ही १५० मेगापिक्सेलची बॅक असेल, तर ट्रायपॉडवर ठेवलेल्या कॅमेऱ्यासाठी वेगळ्या ऑप्टिकल फाइंडरची गरज फारशी उरत नाही. लाइव्ह व्ह्यू शिफ्ट दाखवतो, त्यात पॅरॅलॅक्स नाही, झूम करून फोकस तपासता येतो. अनेक बॅकमध्ये इलेक्ट्रॉनिक पाणसळही असते. जुन्या सीसीडी बॅकच्या मालकांचं मात्र फाइंडरवाचून अडतं.

घेण्याआधी काय तपासावं

चष्मा असेल, तर चष्मा घालूनच बघा. चारही कोपरे एका नजरेत दिसत नसतील, डोळा इकडेतिकडे फिरवावा लागत असेल, तर तो फाइंडर कितीही नामांकित असला तरी तुमच्या उपयोगाचा नाही. मागची कड धातूची उघडी असेल, तर चष्म्याच्या काचेवर ओरखडे पडतात. तिथे रबराचं कडं हवं.

बॅक उभी फिरवल्यावर फाइंडरचं काय होतं, ते विचारा. काही कॅमेऱ्यांत बॉडी तशीच राहते आणि फक्त बॅक फिरते. मग फाइंडरला उभी चौकट दाखवता यायला हवी. मास्क फिरवता येत असेल, तर उत्तम.

शूवर बसवल्यावर फाइंडर डगमगतो का, हे हाताने हलवून पाहा. सैल शू म्हणजे दर वेळी वेगळी चौकट. बसवल्यावर तो लेन्सच्या समांतर आहे का, हे तपासायला खिडक्यांच्या सरळ रांगा असलेली इमारत शोधा. शिफ्ट शून्यावर ठेवून एक फोटो काढा. फाइंडरच्या चारही कडांना कोणती खिडकी होती आणि फाइलमध्ये कोणती आली, ते जुळवा. प्रत्येक लेन्ससाठी हे एकदा करून वहीत लिहून ठेवलं, की तो फाइंडर कायमचा आपला.

जुना फाइंडर घेताना काच उजेडाकडे धरून आत पाहा. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत राहिलेल्या फाइंडरमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी सापडू शकते. फाइंडरमधली बुरशी फोटोत उतरत नाही हे खरं, पण तो लेन्सच्या शेजारी त्याच डब्यात ठेवणं परवडणारं नाही. पाणसळ अंगभूत असेल, तर तीही तपासा: समतल जागी ठेवा, बुडबुडा पाहा, मग १८० अंशांत वळवून पुन्हा पाहा. दोन्ही वेळा बुडबुडा मधोमध राहिला पाहिजे.

मग कोणी काय घ्यावं?

ट्रायपॉडवर काम आणि बॅक सीमॉस असेल, तर फोनचं ॲप किंवा पुठ्ठा जागा शोधायला आणि लाइव्ह व्ह्यू बाकी सगळ्याला. ऑप्टिकल फाइंडरवर पैसे घालू नका. त्या पैशांत चांगलं गिअर हेड आणि लेझर अंतरमापक घ्या.

ट्रायपॉडवर काम आणि फिल्म असेल, तर ग्राउंड ग्लास आणि त्यावर फोकस तपासायला चांगला लूप (भिंग) आधी घ्या. फाइंडर नंतर, तोही जागा शोधायला एखादा स्वस्तातला.

सीसीडी बॅक असेल, तर मास्कचा किंवा टेप लावलेला एक पायरी वाइड ऑप्टिकल फाइंडर घ्या आणि त्यावर राइजच्या खुणा करा. एक फोटो काढून पडद्यावर तपासायचा आणि मग सुधारायचं, ही पद्धत अंगवळणी पाडा.

हातात धरून काम करणाऱ्यांचा मामला वेगळा. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंमध्ये ट्रायपॉड लावायला आधी परवानगी काढावी लागते, आणि गजबजलेल्या रस्त्यावर ट्रायपॉड पसरायला जागा नसते. अशा ठिकाणी अल्पा टीसीसारखी आटोपशीर बॉडी, एकच लेन्स आणि आत बुडबुडा दिसणारा फाइंडर ही जोडी शोभते. इथे मात्र काटकसर करू नये. पाणसळ न दिसणारा स्वस्त फाइंडर हातातल्या टेक्निकल कॅमेऱ्याला काही कामाचा नाही, कारण कॅमेरा समतल राहिला नाही तर उभ्या रेषा झुकतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

आणि अजून कॅमेराच घ्यायचा असेल, तर उत्तमच. आधी पुठ्ठा कापा, दोरीला गाठी मारा आणि महिनाभर तो पुठ्ठा घेऊन फिरा. कोणती लेन्स, किती राइज आणि कोणता फाइंडर, या तीनही प्रश्नांची उत्तरं दुकानात जाण्याआधीच मिळालेली असतील.